आतून लावलेली कडी

शौचालयाचं दार लोटलं. हललं नाही. पुन्हा लोटलं.

"आत कोण आहे?"

"बटण," शाळेच्या मावशी म्हणाल्या. बटण म्हणजे पहिलीतली सगळ्यात बुटकी मुलगी. "बादली पालथी घालून वर चढली असणार. कडी लावली आणि बादली फुटली. धाडकन आवाज आला, मग रडणं. आता तेही नाही."

तेही नाही, हे मावशींनी शेवटी सांगितलं.

दारांच्या तपासणीचा तक्ता, प्रश्न चौदा. कडी नीट लागते व निघते का?
उत्तर: हो.

खाली माझी सही. मी स्वतः आत जाऊन कडी लावली होती, काढली होती. माझ्या उंचीवरून. पहिलीतल्या मुलीचा हात कुठवर पोचतो, असा रकाना तक्त्यात नाही. तक्ता मीच केलाय.

शाळेतलं मुलांचं जगणं सुसह्य करण्याचा हा प्रकल्प माझा. सहा महिने मुलींशी बोलत होते. त्या दिवसभर पाणीच पीत नव्हत्या, कारण शौचालयाला धड दार नव्हतं. म्हणून दारं. आज पाहणी समिती आलीय, मोठ्या बाईंच्या खोलीत बसलीय. तिला पटलं तर आणखी अकरा शाळांत अशीच दारं.

"बटण, बाळा, ऐकतेस का?"

काही नाही.

दारं बनवणाऱ्या सुतारकाकांना फोन. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला.

"काका, दाराखालून हात जाईल?"

"फट ठेवू नका, पोरी वाकून बघतात, असं तुम्हीच म्हणालात."

"बिजागऱ्या?"

"आतून. बाहेरून कुणी काढू नये म्हणून. तेही तुम्हीच."

"आणि वरून?"

"छतापर्यंत फळी आहे, बाई. झुरळसुद्धा शिरायचं नाही."

"काका, आत पोर अडकलंय."

तिकडून वेगळाच आवाज. "कडीच्या शेजारी मार. मधोमध नको, पोर मागे असेल. काहीतरी जड घे. चल, लवकर."

मोठ्या बाई धापा टाकत आल्या. "आवाज करू नका हं. पाहुण्यांना वाचनालयात नेते, पंधरा मिनिटं गुंतवते. तेवढ्यात गुपचूप उघडा."

"हे गुपचूप उघडणारं दार नाही."

"अहो, अकरा शाळा हातच्या जातील. सहा महिने घातलेत तुम्ही."

सहा महिने. पंधरा मिनिटं. आणि आत

हे वाक्य मला पुरं करायचं नव्हतं. भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढलं.

धाड.

दार मजबूत होतं. कच्चं वाटलं म्हणून मी दोनदा परत पाठवलं होतं.

धाड.

वाचनालयाकडे निघालेली पावलं थांबली. वळली.

धाड. फळी चिरली. मावशींनी फटीतून हात घातला, मनगट सोलवटलं, कडी सापडली.

बटण कोपऱ्यात, भिंतीला चिकटून, कानांत बोटं घालून. कपाळावर टेंगूळ. डोळे उघडे.

"अगं, इतक्या हाका मारल्या! बोलली का नाहीस?"

"बादलीवर चढायचं नसतं ना. तुम्ही रागावला असता."

"हे काय चाललंय?" मागून अध्यक्षांचा आवाज. अख्खी समिती उभी.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात बटणने माझी ओढणी ओढली. "बाई, मला अजून जायचंय."

इतका वेळ आत होती, भीतीनं शू झालीच नव्हती. मी शेजारच्या दारांकडे बोट दाखवलं तर तिनं जोरजोरात नकारार्थी मान हलवली. दार लावायला ती आता कुठेच तयार नव्हती.

मी मोडक्या दारात बटणकडे पाठ करून उभी राहिले. हात दोन्हीकडच्या चौकटीला. "तिकडे तोंड करा सगळे."

"अहो, आम्ही पाहणीला आलो आहोत."

"तिकडे."

वळले. अध्यक्षही. त्यांच्या पाठींना मी सांगितलं, "कडी या उंचीवर मी लावायला सांगितली. चूक माझी. आराखडा बदलेपर्यंत एकाही शाळेला मंजुरी देऊ नका."

"म्हणजे सगळं लांबणार," एक पाठ म्हणाली.

"लांबणार."



"झालं का गं, राणी?" मावशींनी मनगट पदरात दाबत विचारलं.

"कुणी ऐकू नका ना!" आतून बटण ओरडली.

पाठमोऱ्या समितीनं, काय करावं ते न कळून, मोठमोठ्यानं हवेबद्दल बोलायला सुरुवात केली.