खाट नऊ, दुपारी दोन

"सतरा नाही, एकोणीस नाही. नेमके अठराच कसे?" मी विचारलं.

समोरची शिकाऊ डॉक्टर माझ्या टेबलावरच्या तक्त्याकडे बघत उभी होती. शेजारी वॉर्डच्या मोठ्या सिस्टर. चार वाजून गेले होते. तक्त्यात खाट नऊच्या आजोबांच्या नावापुढे, दुपारी दोनच्या रकान्यात, या मुलीच्या नीटनेटक्या अक्षरात नाडी होती, ताप होता आणि श्वास होते, मिनिटाला अठरा. सव्वादोनला आजोबा गेलेले आढळले.

"मोजले होते सर."

"पूर्ण मिनिट?"

"हो सर."

हे 'हो सर' मी चांगलं ओळखतो. अकरा वर्षं या इस्पितळाचा प्रशिक्षण प्रमुख आहे मी. शिकाऊ डॉक्टर, नर्सिंगच्या मुली, तंत्रज्ञ, सगळ्यांची शिकवणी, हजेरी, परीक्षा आणि रडारड माझ्याकडे. 'समजलं का' म्हटलं की शंभरातले नव्वद 'हो सर' म्हणतात आणि दहा खाली बघतात. त्या दहांवर माझा जास्त विश्वास. पाठीमागे पोरं मला मिनिटकाका म्हणतात, कारण श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, हे मी दर वर्षी घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. म्हणोत बापडी. तरी मोजत कोणीच नाही. नाडीला यंत्र आहे, तापाला यंत्र आहे. श्वासासाठी मात्र नुसतं उभं राहून माणसाच्या छातीकडे बघावं लागतं, आणि तेवढी सवड कुणाला नसते. मग सगळे अठरा लिहितात. अठरा दिसायला बरं दिसतं.

सिस्टर म्हणाल्या, "सर, सव्वादोनला मी हात लावला तेव्हा तोंड उघडेना. जबडा ताठ झाला होता."

माणूस गेल्यावर जबडा धरायला दोनेक तास लागतात. म्हणजे आजोबा बाराच्या सुमारासच गेले होते. मी मुलीकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला.

"मी सव्वा वाजताच गेले होते, सर. दोनचं आधीच उरकून टाकू म्हटलं," ती म्हणाली. "आजी त्यांचा हात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, आत्ता कुठे डोळा लागलाय, उठवू नकोस. मी दारातूनच परत फिरले. नाडी न् ताप सकाळचेच उतरवले. श्वास... मनाचे लिहिले."

"आणि आजी?"

"मीच त्यांना म्हणाले, तुम्ही दोन घास खाऊन या, मी आहे इथं. दीडला त्या खाली गेल्या."

इथपर्यंत मी नुसता चिडलेलो होतो. चिडणं सोपं असतं. पण सिस्टर पुढे म्हणाल्या, "आजी खाली बाकावर बसल्यात, सर. त्यांनी विचारलं तेव्हा मी तक्ता बघून सांगितलं, की दोनला ठीक होते. तेव्हापासून एकच घोकतायत. पन्नास वर्षं उशाशी होते, आणि नेमकी जेवायला गेले. पाणीसुद्धा घेत नाहीत."

तेवढ्यात फोन वाजला. अधीक्षक. माझ्याच वर्गातला, त्यामुळे आडपडदा नाही.

"तक्ता स्वच्छ आहे," तो म्हणाला. "थकलेलं हृदय, पिकलं पान. नातेवाइकांची तक्रार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीला चार शब्द सुनाव आणि सोडून दे. कागदावर आणलंस तर तिचं नाव कापावं लागेल, आणि पाठोपाठ तुझी चौकशी."

"बघतो," म्हणून मी फोन ठेवला.

झाकलेली मूठ मला नवी नव्हती. एकतीस वर्षं मी एक घट्ट धरून बसलो होतो.

तेव्हा मी हिच्याच वयाचा होतो, याच इस्पितळात. खाट चारवर एक म्हातारी, तिच्याजवळ मुलगा. चारची नोंद मी दारातूनच केली, श्वास अठरा. मुलगा साडेतीनला चहाला गेला होता, साडेचारला परत आला आणि त्यानंच मला हाक मारली. मी म्हातारीचा हात उचलला. तो कोपरातून वळेना. ती गेली तेव्हा हा शेजारीच बसलेला होता, हे मला त्याच क्षणी कळलं. त्यानं विचारलं, "कधी गेली?" आणि मी तक्ता बघून म्हणालो, "चारला होत्या." त्यानं आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, "मी दुसरा चहा घेतला हो. एक पुरला असता." तेवढंच बोलून तो कागदांवर सह्या करायला गेला. मी त्याच्यामागे गेलो नाही. एक वाक्य बोलायचं होतं, तेही बोललो नाही.

भूतबीत मी मानत नाही. पण तो येतो. लिफ्टमध्ये असतो, औषधांच्या रांगेत असतो. मी वर्गात श्वास मोजायला शिकवतो तेव्हा शेवटच्या बाकाच्या मागे हातात कप घेऊन उभा असतो, आणि माझी जीभ अडखळते. मुलांना वाटतं, मिनिटकाका म्हातारे झाले. दुपारी जरा आडवी झाली तरी बायको डोळे न उघडता म्हणते, "माझे श्वास मोजू नका हो, आहे मी अजून." तिला मी कारण कधी सांगितलं नाही. लोकांना ब्रह्मज्ञान सांगून माझं पोट भरतं, मी स्वतः कोरडा पाषाण.

आताही तो होता. कपाटाजवळ, सिस्टरांच्या मागे.

"चल," मी मुलीला म्हणालो.

"कुठे, सर?"

"आजींकडे. तू सांगायचंस, मी शेजारी उभा राहतो."

"माझं नाव कापतील?"

"कापतीलही. मी भांडेन, पण शब्द देत नाही."

"आईनं सगळ्या गल्लीला सांगितलंय, पोरगी डॉक्टर झाली म्हणून." तिचा आवाज फुटला. "नाही सांगितलं तर चालणार नाही का, सर? आजोबा काही परत येणार नाहीत."

"चालतं की. एकतीस वर्षंसुद्धा चालतं," मी म्हणालो. तिला ते कळलं नाही. पण ती निघाली.

आजी बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीतून आजोबांच्या चपला डोकावत होत्या. मुलगी त्यांच्यापुढे जमिनीवरच बसली. वाटेत मी पढवलेलं एकही वाक्य तिनं वापरलं नाही.

"आजी, दोन वाजता आजोबा नव्हते. मी बघितलंच नव्हतं, खोटं लिहिलं. ते आधीच गेले होते. बाराच्या सुमाराला."

आजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"बाराला तर मी तिथंच होते," आजी म्हणाल्या.

"हो. तुम्ही जवळच होतात."

आजींनी पिशवीतल्या चपला आत सारल्या. मग पुटपुटल्या, "मी त्यांच्याशी बोलत होते गं. मोरीचा नळ गळतो, प्लंबरला तुम्हीच बोलवा, माझं तो ऐकत नाही. तासभर तेच. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, पण ते कधी देत होते?" त्यांना हसू आलं, आणि त्या हसण्यातच त्या रडायला लागल्या. पदरात तोंड घालून खूप रडल्या. दुपारपासून पहिल्यांदाच, असं सिस्टर नंतर म्हणाल्या.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी मुलीचं मनगट धरलं. मला वाटलं, आता माफ करतील. म्हाताऱ्या माणसांकडून आपण ते गृहीतच धरतो.

"मी उठवू नको म्हणाले म्हणून तू परत गेलीस? मी डॉक्टर आहे का? मला बाजूला सारायचं होतंस. कदाचित काही करता आलं असतं."

मुलीनं मान खाली घातली. ती 'हो' म्हणाली नाही.

"आणि तुम्ही कोण?" आजींनी मला विचारलं.

"मी यांना शिकवतो."

"मग हे ती कुठून शिकली?"

त्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होत्या.  तेवढ्यात त्यांची लेक धावत आत आली आणि आजींचं लक्ष तिकडे गेलं.

वर आल्यावर मी घटनेच्या नोंदीचे दोन फॉर्म काढले. एक मुलीला दिला, एक स्वतःपुढे ओढला. शेवटून दुसरा प्रश्न असतो, 'या संस्थेत पूर्वी असा प्रकार घडला आहे काय?' प्रशिक्षण प्रमुख म्हणून असे कितीतरी फॉर्म मी भरलेत. दर वेळी 'नाही' लिहिलंय. आज 'होय' लिहिलं. 'कोणाकडून' याच्यापुढे माझं नाव लिहिलं, वर्ष लिहिलं, खाट क्रमांक चार लिहिला.  बरं वाटलं.

पुढचा रकाना होता, 'रुग्णाचे नाव'.

मी पेन टेकवलं. मला त्या मुलाच्या शर्टाची तुटलेली गुंडी आठवत होती. त्याचा आवाज आठवत होता, म्हातारीच्या हाताचं वजन आठवत होतं. नाव आठवेना. मुलाचंही आठवेना. अभिलेख कक्षात फोन लावला, तर तिथला कारकून म्हणाला, "पंधरा वर्षांच्या मागचं काही ठेवत नाही साहेब. जागा कुठे आहे?" एकतीस वर्षं माणूस रोज डोळ्यांसमोर येतो, आणि त्याला काय म्हणून हाक मारायची ते आपल्याला ठाऊक नाही, याची मला फार लाज वाटली.

मुलीनं तिचा फॉर्म भरून पुढे केला. आजोबांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, सगळं होतं. मग तिची नजर माझ्या कागदावर गेली. तिनं तो खालपर्यंत वाचला आणि पुन्हा वरून वाचला. मला वाटलं, काहीतरी विचारेल.

"सर, एक रकाना राहिलाय," ती हळूच म्हणाली.

"हो. राहिलाय," मी म्हणालो, आणि खाली सही केली.