आधीचा फोटो

चौथीच्या वर्गाच्या बाईंनी अनुदानाचा अर्ज भरला, तेव्हा त्यात काही म्हणजे काही राहू दिलं नव्हतं. मुलं एकतीस, जिन्याखालची खोली, पांढरा पडदा, एक दिवा, पुठ्ठ्याच्या बाहुल्या आणि मुलांनीच रचलेल्या गोष्टींचा सावल्यांचा खेळ. 'सदर खोली सध्या वापरात आहे का?' या प्रश्नापुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात 'नाही, अडगळ आहे' असं लिहिलं आणि खाली झोकात सही केली. अर्ज गेला तो सरकारी शाळांतल्या शिक्षकांना असली छोटी अनुदानं देणाऱ्या एका संस्थेकडे. रक्कम काही डोळे दिपवणारी नव्हती, पण जिथे खडूसुद्धा मोजून मिळतो तिथे एवढीसुद्धा कोण देतो?

सहा महिन्यांत खोलीचं रूप पालटलं. एरवी वर्गात तोंडाला कुलूप लावून बसणारी पोरं पडद्यामागून सिंह होऊन गुरगुरायला लागली. बाईंना वाटलं, आपण गंगेत घोडं न्हाऊ घातलं. फक्त अहवाल तेवढा पाठवायचा होता, आणि तो कुणीही पाठवतो तसाच, म्हणजे शेवटच्या दिवशी, पाठवायचा होता.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी अहवालाचा नमुना पहिल्यांदा नीट वाचला. तिसऱ्या चौकटीत लिहिलं होतं, 'आधीचा फोटो'. खाली बारीक अक्षरात, हा फोटो नसल्यास प्रकल्प अपूर्ण समजला जाईल, साहित्य परत घेतलं जाईल आणि शाळेला तीन वर्षं अर्ज करता येणार नाही. मुदत आज संध्याकाळी पाच.

आधीचा फोटो बाईंनी काढलाच नव्हता. अडगळीचा फोटो कोण काढून ठेवतं? तरी त्यांनी स्वतःचा फोन उपसला, मग नवऱ्याचा उपसला, मग शाळेच्या ग्रुपवर मागे मागे जात राहिल्या. सासूबाई समोर बसून हे सगळं बघत होत्या.

"अगं, अंधाऱ्या खोलीचा फोटो तो काय!" त्या म्हणाल्या. "फोनवर बोट ठेवून काढ एक काळा कुळकुळीत आणि दे धाडून. कोण बघायला येतंय?"

नवरा खो खो हसला. बाईंना हसू आलं नाही, उलट राग आला, कारण क्षणभर त्यांनाही ते पटलं होतं.

शाळेत हेडमास्तरांनी त्याहून सोपा उपाय सांगितला. "पडदा काढा, मोडके बाक आत टाका, फोटो घ्या, परत लावा. अर्ध्या तासाचं काम. एवढं काय रडताय?"

हेडमास्तर मनाने वाईट नव्हते, पण त्यांचाही त्या खोलीवर डोळा होता. जुनी रजिस्टरं ठेवायला त्यांना जागा हवी होती, आणि प्रकल्प बुडाला तर खोली आपसूक त्यांच्याकडे जाणार होती. बाईंनी खरंच दोन मोडके बाक ओढत आणले. तेवढ्यात टाचणी आडवी आली. ही वर्गातली सगळ्यात किडकिडीत पोरगी. बोलली की टोचायचंच, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत.

"बाई, खोली बंद होणार?"

"नाही गं."

"मग बाक कशाला?"

बाईंनी बाक तिथेच सोडले आणि संस्थेतल्या मॅडमना फोन लावून, जे आहे ते सांगून टाकलं. उत्तर येईपर्यंत बाईंनी आपलं सगळं वाटोळं झालेलं डोळ्यांपुढे पाहून घेतलं.

"मुलांना आठवतं ना?" मॅडम म्हणाल्या. "मग त्यांच्याकडून काढून घ्या. मुलाच्या हातचं एक चित्र चालेल. पण पाच म्हणजे पाच हं बाई, नंतर माझ्या हातात काही नाही."

मधली सुट्टी संपल्या संपल्या बाईंनी कागद वाटले. "आपली जिन्याखालची खोली आधी कशी होती, ते काढायचं. जसं होतं तसं. मनचं काही घालायचं नाही."

मुलं माना खाली घालून बसली. काळ्या रंगाचा खडू या बाकावरून त्या बाकावर फिरत होता, त्यावरून दोघांची भांडणंही झाली. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. अंधारी खोली म्हटल्यावर काळाच रंग लागणार.

चित्रं गोळा झाली. सगळ्यात वर इस्त्रीचं होतं. हा मुलगा घामाघूम होऊनसुद्धा कधी चुरगळायचा नाही, म्हणून हे नाव. त्याचं चित्रही तसंच होतं: तीन मोडके बाक, एक झाडू, एक फुटकी बादली आणि कोपऱ्यात हसरा कोळी. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी उगाच चाळत चाळत पुढचे कागद पाहिले. पुन्हा बाक. पुन्हा झाडू. पाचवा कागद काळा होता.

नुसता काळा. कडेपासून कडेपर्यंत घासून घासून काळा केलेला, आणि तळाशी पिवळी पट्टी. पट्टीत दोन पाय. डाव्या चपलेचा अंगठा निळ्या दोऱ्याने शिवलेला.

त्या चपला बाईंनी कधीच टाकून दिल्या होत्या. त्यांनी पुढचे कागद भराभर उलटले. काळे कागद नऊ निघाले.

बाईंनी आजवर एकाही पोराच्या अंगाला बोट लावलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्या चारचौघांत अभिमानाने सांगत. शेजारच्या वर्गातून छडीचे आवाज यायचे, तेव्हा यांच्या वर्गात फक्त एवढंच ऐकू यायचं, "जा, पाच मिनिटं जिन्याखाली." दार त्या स्वतः ओढून घ्यायच्या. कडी लावत नसत, आणि दाराखालच्या फटीतून उजेडाची पट्टी आत पडायची. पडदा लागल्यापासून तिथे कुणाला पाठवलं नव्हतं, आणि सोयीचं विसरायला माणसाला फार वेळ लागत नाही. अर्जात 'नाही, अडगळ आहे' लिहिताना त्यांचा हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

चपलेचं चित्र टाचणीचं होतं. बाईंनी तिला टेबलाजवळ बोलावलं.

"हे काय काढलंस?"

"आधीची खोली."

"एवढी काळी होती?"

"दार लावलं की एवढीच असते, बाई."

"आणि हे पाय?"

"तुमचे. तुम्ही बाहेर उभ्या राहायच्या ना. पाय दिसत असले की मला भीती नाही वाटायची."

बुडत्याला काडी सापडावी तसं बाईंना झालं. "उभी असायचेच मी," त्या घाईघाईने म्हणाल्या. "तुम्हाला एकटं सोडून जाईन का?"

"हो," टाचणी म्हणाली. "पण कधी कधी पाय जायचे."

"कुठे जायचे?"

"काय माहीत? मग मी आकडे म्हणत बसायचे. एकदा चारशे बारा झाले. मग आले पाय."

पाच मिनिटांत चारशे बारा बसत नाहीत. चौथीच्या बाईंना एवढं गणित येतं. कधी हेडमास्तरांनी सहीला बोलावलं असेल, कधी फोन आला असेल, कधी कपभर चहा. काय असेल ते असेल, त्यांना त्यातलं काहीच आठवेना, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"बाई, माझं पाठवणार?"

"जा, तालमीला जा. तुझा गट आत गेलाय."

घड्याळात चार चाळीस झाले होते. हेडमास्तर आले, त्यांनी इस्त्रीचं चित्र उचललं आणि खूश झाले. "झकास! पाठवा आणि सुटा." मग त्यांची नजर काळ्या कागदांवर गेली. एक उलटला, दुसरा उलटला, आणि त्यांनी आवाज खाली आणला. "हे फाडून टाका. उद्या कुणी चौकशी लावली तर खोली जाईल, तुमची नोकरी जाईल आणि माझंही नाक कापलं जाईल. अहो, आपण मारत तर नाही ना कुणाला?"

"नाही," बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर त्यांनी इस्त्रीच्या चित्राचा फोटो काढून तिसऱ्या चौकटीत चढवला. चौकट हिरवी झाली. चित्रात खोटं काहीच नव्हतं. बाक होते, झाडू होता, बादली होती, कोळीसुद्धा असणार. नेमकं त्यामुळेच बाईंना धड सुटल्यासारखं वाटेना. चार एकावन्न. फोन हातात घेऊन त्या वर्गाबाहेर आल्या आणि जिन्याखालच्या दारापाशी जाऊन थांबल्या.

आत धमाल चालली होती. सिंह गुरगुरत होता, कोणीतरी कोणाला तरी ढकलत होतं, हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या. मग टाचणीचा आवाज आला, "गप्प! पाय दिसले."

एका क्षणात सगळं शांत झालं. सिंहसुद्धा.

बाई खाली बघत राहिल्या. नव्या चपला, तेच पाय. त्यांना रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. त्या वर्गात परतल्या, हिरव्या चौकटीतून बाकांचं चित्र काढून टाकलं आणि काळा कागद टेबलावर सपाट धरून त्याचा फोटो घेतला. पहिला फोटो हलला, दुसरा बरा आला. खाली शेरा लिहायला जागा होती. तिथे त्यांनी लिहिलं: 'अर्जात एक दुरुस्ती आहे. खोली वापरात होती. शिक्षा म्हणून मी मुलांना तिथे बंद करत होते.'

चार सत्तावन्नला अहवाल गेला. आता तो परत घेता येणार नव्हता.

बाई पुन्हा त्या दाराशी आल्या. चपला बाहेर काढल्या, दार ढकललं आणि आत जाऊन मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसल्या. सगळी पोरं वळून त्यांच्याकडे बघायला लागली.

"तुमचं चालू द्या," त्या म्हणाल्या.

"मग दार लावा ना बाई," टाचणी म्हणाली. "उजेड येतोय."

बाईंनी हात लांब करून दार ओढलं. दिवा अजून लागायचा होता. आत खरोखर तेवढंच काळं होतं, कडेपासून कडेपर्यंत, आणि तळाशी पिवळी पट्टी. पट्टीत पाय नव्हते. मांडीवर फोन होता, तो कधीही वाजला असता, उद्या, परवा किंवा आत्ता. बाईंनी डोळे त्या पट्टीवर लावले आणि मनातल्या मनात आकडे म्हणायला सुरुवात केली.