तेवीस हरकती

वैजयंतीबाईंनी तेहेतीस वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक विभागात काढली होती. आलेल्या कागदावर शिक्का, शिक्क्यात नंबर, नंबर रजिस्टरात. निवृत्तीला सात वर्षं झाली तरी त्यांचा एक विश्वास ढळला नव्हता: सरकारला तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, लिहून दिलेल्याला नंबर पडतो. याच विश्वासापायी त्यांनी आयुष्यातली सर्वांत मोठी घोडचूक केली, आणि तीही तिगिस्तच्या बाबतीत.

तिगिस्त इथिओपियाची. चौदा वर्षांपूर्वी फार्मसी शिकायला दिल्लीत आली आणि द्वारकेत वैजयंतीबाईंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहू लागली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. घरात वैजयंतीबाई आणि त्यांचा मुलगा गौरव जे बोलतात तेच हिंदी, अशा समजुतीत तिने सहा महिने कान देऊन भाषा उचलली. मग एके दिवशी मोठ्या आत्मविश्वासाने भाजीवाल्याला विचारलं, "भैया, ही मेथी आजची आहे, की कालची पाणी मारून ठेवलीय?" भाजीवाला नुसता बघत राहिला. ती पडलेल्या चेहऱ्याने परत आली आणि म्हणाली, "काकू, बिचाऱ्याला हिंदी येत नाही." वैजयंतीबाई इतक्या हसल्या की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

पुढे ती हिंदीही फर्डी शिकली, पण घरात मराठीच राहिली. दिल्लीत वाढलेला गौरव आईचा एखादा शब्द अडला की तिगिस्तलाच विचारायचा, "यार, उसनवारी म्हणजे काय?" आणि ती शांतपणे सांगायची.

शिक्षण संपलं, फरीदाबादच्या एका औषध कारखान्यात तपासनीस म्हणून नोकरी लागली, आणि भाडेकरू हा शब्द घरातून कधी गेला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. एकच गोष्ट ती कधी करत नसे. कुठल्याही तक्रारीवर सही. मेट्रो स्टेशनकडून येणाऱ्या गल्लीतला दिवा वर्षातून चारदा बंद पडायचा. संध्याकाळी कामावरून त्या अंधारातून तीच चालत यायची, अर्जाचा मसुदाही तीच लिहायची, पण खाली नाव घालायची वेळ आली की कागद पुढे सरकवायची. "काकू, तुम्ही करा ना सही. माझं नाव नको. व्हिसा असतो दर वर्षी. कोण कशाला नाराज होईल, काय सांगावं?" वैजयंतीबाई सही करायच्या, पण मनात त्यांना राग यायचा. इतक्या हुशार मुलीने एका बल्बासाठी घाबरावं, हे त्यांना सहन होत नसे.

म्हणूनच तिगिस्तने भारताच्या नागरिकत्वासाठी अर्ज करायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांत जास्त उत्साह त्यांना होता. येत असलेल्या भारतीय भाषेचं प्रमाणपत्र लागत होतं. सगळ्यांनी सांगितलं, हिंदी लिही, दिल्लीत सोपं पडेल. तिने मराठी लिहिलं. एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापिकेने तिच्याकडून धडा वाचून घेतला, पत्र लिहून घेतलं आणि प्रमाणपत्र देताना स्वतःचंच नाक पुसलं. त्या दिवशी वैजयंतीबाईंनी सोसायटीत निम्म्या घरांना ते दाखवलं.

मग नियमाप्रमाणे वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागली. तिगिस्त बेकेले हिला नागरिकत्व देऊ नये असं कारण कुणाला माहीत असेल, तर त्याने सहीनिशी लेखी कळवावं. खाली पत्ता. वैजयंतीबाईंनी ती सूचना दोनदा वाचली आणि चष्मा टेबलावर आपटला.

"म्हणजे वाईट सांगायचंय त्याला पत्ता दिलाय! चांगलं सांगायचंय त्याने कुठे जायचं?"

गौरव म्हणाला, "आई, प्रोसीजर आहे ती. छोडो ना."

पण सोडतील त्या वैजयंतीबाई कसल्या? त्याच रात्री त्यांनी त्याच पत्त्यावर पत्र लिहिलं: या मुलीला नागरिकत्व देण्यास माझी कोणतीही हरकत नाही, उलट उशीर केल्यास आहे. दुसऱ्या दिवशी मराठी मंडळाच्या गुलाबरावांना गाठलं. गुलाबरावांनी आपलं लिहिलं, समोरच्या घरातल्या अश्लेषाने लिहिलं, खालच्या मजल्यावरच्या शर्मांनी हिंदीतून लिहिलं. आठवड्याभरात तेवीस पत्रं रजिस्टर पोस्टाने रवाना झाली. तिगिस्तला यातलं काही सांगितलं नाही. तिला नंतर एकदम आनंदाचा धक्का द्यायचा होता.

धक्का बसला, पण तो दोन महिन्यांनी. तेवीस जणांना तेवीस नोटिसा आल्या: आपण नोंदवलेल्या हरकतीच्या सुनावणीस समक्ष हजर राहावे. सूचनेत फक्त हरकती मागवलेल्या होत्या, त्यामुळे तिथे आलेला प्रत्येक कागद हरकत म्हणूनच नोंदला गेला होता. सगळ्यांचा निकाल लागेपर्यंत तिगिस्तची फाईल हलणार नव्हती. वैजयंतीबाईंना हे समजावून सांगायची गरज पडली नाही. त्या खुर्चीवर त्या बसल्या असत्या तर त्यांनीही तेच केलं असतं.

तिगिस्त पोळ्या लाटत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"काकू, मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"हो. म्हणून तर विचारायचं होतं."

वैजयंतीबाईंना उभ्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेहेतीस वर्षांत एक नंबर चुकला नव्हता, आणि पोटच्यासारख्या पोरीच्या फाईलवर त्यांनी स्वतःच्या हाताने धोंडा ठेवला होता. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. तिगिस्तने ताट झाकून ठेवलं, बाजूला लोणच्याची फोडही ठेवली.

सुनावणीला एक जण जरी गैरहजर राहिला तरी तारीख पुढे जाणार होती. म्हणून वैजयंतीबाईंनी तेवीसच्या तेवीस जणांना सकाळी आठला स्टेशनवर उभं केलं आणि मेट्रोत चढवताना प्रत्येकाला मोजलं. गुलाबरावांचा गुडघा सुजला होता, तरी ते आले. कार्यालयाच्या व्हरांड्यात ही वरात बघून सुनावणी घेणाऱ्या तरुण अधिकारी बाई दारातच थबकल्या.

"ये तेईस के तेईस इस लड़की के ख़िलाफ़ हैं?"

"एक भी नहीं, मॅडम," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"फिर लिखा क्यों?"

सगळ्यांनी वैजयंतीबाईंकडे बघितलं. अधिकारी बाईंनी कपाळाला हात लावला आणि एकेकाला आत बोलावलं. गुलाबरावांनी सांगितलं की लॉकडाऊनमध्ये माझं इन्सुलिन या मुलीने कुठून कुठून पैदा करून दारात आणून दिलं, एकदा नाही, सलग दोन महिने. अश्लेषा म्हणाली, माझी मुलगी केमिस्ट्रीत पास झाली ती हिच्यामुळे. शर्मा म्हणाले, ही रोज नमस्ते करते, माझा सख्खा मुलगा करत नाही. आत कोपऱ्यातल्या बाकावर बसलेली तिगिस्त मान खाली घालून ऐकत होती.

शेवटी वैजयंतीबाईंची पाळी आली. अधिकारी बाईंनी त्यांचं पत्र वर काढलं आणि सहीखालचा जुना हुद्दा वाचला. "आप तो ख़ुद डाक सेक्शन में रही हैं। आपको तो पता होना चाहिए था।"

"हाँ जी. ग़लती मेरी है. उसकी नहीं."

"तो लिख दूँ कि आपको कोई आपत्ति नहीं?"

"नहीं. एक आपत्ति है."

तिगिस्तने मान वर केली.

"चौदह साल से ये लड़की हमारे मोहल्ले में रहती है. गली की बत्ती ख़राब हो तो शिकायत ये लिखती है, साइन मुझसे करवाती है. डरती है कि परदेसी हूँ, कोई नाराज़ हो जाएगा. मैं सड़सठ की हो गई. मेरे बाद साइन कौन करेगा? मुझे इस पर आपत्ति है. आप नोट कीजिए, और नंबर भी डालिए."

अधिकारी बाईंनी पेन उचललं, वैजयंतीबाईंकडे पाहिलं, मग बाकावरच्या तिगिस्तकडे पाहिलं. आणि खरोखरच लिहून घेतलं.

सगळ्या हरकती निकाली निघाल्या आणि सात महिन्यांनी तिगिस्तने शपथ घेतली. अश्लेषाने निवडलेली निळी साडी नेसली होती आणि गौरवच्या हातातल्या फोनवर अदिस अबाबाहून तिची आई बघत होती. समोरच्या कागदाकडे एकदाही न बघता, स्वच्छ, ठाम आवाजात ती राज्यघटनेशी निष्ठेचं वाक्य शेवटपर्यंत बोलली. फोनमधल्या आईला शब्द कळले नाहीत, पण मुलीची ताठ मान दिसली आणि तिने तिकडे, त्यांच्या रीतीप्रमाणे जीभ भराभर हलवत, लांबलचक आनंदाची आरोळी दिली. वैजयंतीबाई रडायचं नाही असं ठरवून गेल्या होत्या, ते काही जमलं नाही.

पुढच्या सोमवारी तिगिस्त कामावर उशिरा गेली. संध्याकाळी आली ती एक कागद घेऊन.

"काकू, नंबर पडला."

गल्लीतल्या बंद दिव्याचा तक्रार अर्ज होता. अस्सल मराठी वळणाच्या देवनागरीत लिहिलेला, पण हिंदीतून, कारण पालिकेत तेच चालतं. खाली सही होती, सहीखाली पूर्ण नाव, आणि नावाखाली 'भारतीय नागरिक', जे कुणी विचारलंही नव्हतं. वैजयंतीबाईंनी चष्मा लावून शिक्का तपासला. तारीख बरोबर होती, आवक क्रमांक स्पष्ट होता.

"शिक्का जरा तिरका मारलाय," त्या म्हणाल्या, आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

दिवा काही लागला नाही. पंधरा दिवस वाट बघून तिगिस्त स्मरणपत्र लिहायला बसली. सवयीने वैजयंतीबाई पेन घेऊन शेजारी येऊन उभ्या राहिल्या. तिने मजकूर पुरा केला, खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि त्यांच्या हातातलं पेन हळूच काढून बाजूला ठेवलं.

"बसा काकू. झालं माझं."