बिननाकाचा ठसा

मित्रांनो, मी नासपतीच्या लाकडात कोरलेला छपाईचा जुना ठसा आहे. मला दाढी आहे, टोपी आहे, नाक मात्र नाही. ते कसे गेले, तेच सांगतो.

लंडनच्या पुलाजवळ अँब्रोज गाण्यांचे कागद छापून एका पेनीला एक विकत असे. आरशात पाहून त्याने स्वतःचाच चेहरा माझ्यावर कोरला. गाण्यागणिक मी कधी सरदार झालो, कधी पाद्री. दर गाण्याला नवा ठसा कुणालाच परवडत नसे. अँब्रोज वारल्यावर त्याची बायको थॉमसिन छापखाना पाहू लागली.

एका सोमवारी नेड नावाचा दरोडेखोर फासावर गेला. त्याच्या गाण्यावर मीच होतो. गाणारी डॉर्कस ते पुलावर गायली आणि चाल घरोघरी पोचली. त्याच आठवड्यात, घरोघरच्या चुलींवर नवा कर बसवणाऱ्या राजाच्या स्तुतीचे गाणे दरबारातून आले. लोकांच्या ओठांवरचीच चाल घ्यायची, ही आमची रीतच. थॉमसिनने घाईत चाल नेडची घेतली आणि चेहराही तोच छापला.

डॉर्कसने पहिली ओळ उचलताच मासेवाल्या हसत सुटल्या.

"अगं, हा तर परवाच लटकला ना?"

"उतरला असेल, चुलींवर कर बसवायला."

झाले. नावाडीसुद्धा कर भरताना म्हणू लागले, "घ्या, नेडला द्या." स्तुती राहिली बाजूलाच.

मग अंमलदार आला. त्याने मला थॉमसिनपुढे धरले. "बाई, हा कोण? राजा की चोर?"

राजा म्हणावे, तर तिने राजाला फासावर छापले होते. चोर म्हणावे, तर राजाला चोर ठरवले होते. काहीही म्हटले तरी छापखान्याला टाळे आणि तिला चौकातला खोडा. मला फार भीती वाटली.

"दोघंही नाहीत, साहेब," ती म्हणाली. "हा माझा नवरा. गल्लीत कुणालाही विचारा."

त्याने विचारले. सगळ्यांनी अँब्रोजला ओळखले.

"बरं. पण हे तोंड पुन्हा राजाच्या गाण्यावर दिसायला नको. उडव नाक. तूच उडव, माझ्यासमोर."

अँब्रोजचे दुसरे चित्र कुठेच नव्हते. तिने त्याचीच पटाशी घेतली आणि एका घावात नाक उडवले. अंमलदार गेल्यावर तिने तो तुकडा जमिनीवरून शोधून काढला आणि खिशात ठेवला. छापखाना वाचला. राजाला मात्र लोक तो मरेपर्यंत नेडच म्हणत राहिले.

आता मी फडताळात पडून आहे, कीड लागते आहे. मित्रांनो, कुणाच्या हाती लागलो तर मोडका म्हणून चुलीत घालू नका. थोडे तेल लावा. राजाची चित्रे पुष्कळ आहेत, अँब्रोजचे एवढेच आहे.