शंभर पूर्णांक नऊ

मी सेलवर चालणारा एक जुना थर्मामीटर आहे, मित्रांनो. कारखान्यात कोमट पाण्यात बुडवून माझी परीक्षा झाली. पास झालो आणि आत्याबाईंच्या घरी आलो. त्या रोपवाटिकेत काम करायच्या. त्यांची भाची लहानपणापासून त्यांच्याकडेच राही. शाळा चुकवायला ती मला चहाच्या कपाला टेकवायची, तेव्हा माझा आकडा पाहून घरात हशा पिकायचा. पुढे ती मोठी झाली आणि मी खणात तुटक्या बटणांबरोबर पडून राहिलो.

मग आत्याबाईंना कर्करोगाचे निदान झाले. औषधे सुरू झाली आणि मला बाहेर काढले गेले. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, "या औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्यात. जंतूंशी लढायला अंगात फौजच नाही म्हणा ना! मातीत हात घालू नका. ताप शंभर पूर्णांक चारला पोचला की थेट दवाखान्यात या."

पण आत्याबाईंना कुठला धीर! एका सकाळी भाचीचा डोळा चुकवून त्यांनी गुलाबाची कुंडी उकरली. बोटात काटा घुसला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना हुडहुडी भरली. मी शंभर पूर्णांक नऊ दाखवले, तर त्यांनी मला उशीखाली सरकवले! मी जीव तोडून टिकटिकलो.

भाचीने उशी उचलली. आकडा पाहून तिचा चेहराच उतरला.

"अगं, एवढंसं तर आहे. गोळी घेते, उतरेल."

"उतरेल आत्या, पण आतला जंतू तसाच राहील. चप्पल घाल आधी!"

तासाभरात सलाईनमधून औषध सुरू झाले. जंतू रक्तात शिरला होता. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर कठीण होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बारा दिवसांनी आत्याबाई घरी आल्या. थकल्या होत्या, पण पेशी वाढू लागल्या होत्या.

मित्रांनो, तुमच्या घरी असे कुणी असेल, तर त्यांच्याजवळ जाण्याआधी हात धुवा. सर्दी झाली असेल तर दारातूनच हसा. माझा सेल तपासून ठेवा, आणि माझा आकडा कधी लपवू नका.

परवाच आत्याबाईंनी मला स्वतःहून काखेत धरले. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, नव्याण्णव आहे. काही नाही, पण तुला सांगून ठेवते."

मला फार बरे वाटले.