फ्यूजमधली चांदी

आठवडाभर फ्यूज उडाला नव्हता, म्हणून घरात सगळे खूश होते. मी सोडून.

"बिघडलं तरी तुला काळजी, नाही बिघडलं तरी काळजी," सासूबाई म्हणाल्या.

परगावी नोकरीवर जाण्याआधी नवऱ्याने हे सगळं बसवलं होतं. गच्चीवर सोलर पॅनल, गॅलरीत बॅटरी, तिला लागून फ्यूज आणि तिथून आमच्या खोलीतल्या एलईडी दिव्यापर्यंत वायर. संध्याकाळी वीज जायची ती जेवणं उरकल्यावरच यायची. तोवर हाच उजेड. पण मी ठकीला पाजायला पलंगावर बसले की नेमका फ्यूज उडायचा. अंधार झाला की ठकी घर डोक्यावर घ्यायची आणि मी तिला खांद्यावर टाकून फेऱ्या मारत राहायची. झोप कशाशी खातात ते मी विसरले होते.

आता फ्यूज उडत नव्हता. मी टेकले की दिवा नुसती मान टाकायचा आणि पुन्हा वर यायचा. तेच मला खटकत होतं.

त्या संध्याकाळी ठकीचा खुळखुळा उचलायला वाकले आणि हात भिंतीकडेच्या वायरला लागला. चटका बसला, इतकी ती तापली होती. ठकीला सासूबाईंकडे देऊन गॅलरीत गेले, बटण बंद केलं, फ्यूजचं झाकण उघडलं. आत जळका फ्यूज होता आणि त्याच्याभोवती गोळ्यांच्या पाकिटाची चांदी नीट गुंडाळलेली.

"बाबा, हे कुणी केलं?"

सासरे दारात आले. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. "मीच. वाटेत फ्यूज उडाला की अशीच चांदी लावून डेपो गाठायचो आम्ही."

"डेपोपर्यंत ना? आठवडाभर नाही ना चालवायचात?"

त्यांनी माझ्या हातातलं झाकण घेतलं.

"आता बोला," सासूबाई आतून म्हणाल्या.

"काय बोलू? पोर उभ्या उभ्या पेंगत होती. परवा चहात मीठ घातलंन, आपण मुकाट प्यायलो. म्हटलं, निदान बसून पाजू दे तिला."

भांडायचं मनात होतं, पण अंगात त्राण नव्हतं. टॉर्च घेऊन आम्ही दोघांनी वायर तपासत आणली. हवा यावी म्हणून पलंग खिडकीकडे सरकवला होता, त्याचा लोखंडी पाय वायरवर. प्लास्टिक चिरडून आतलं तांबं दिसत होतं. मी बसले की दोन तारा एकमेकींना भिडत होत्या. चादरीचा लोंबता कोपरा करपून तपकिरी झाला होता. बाबांनी तो बोटांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"नवी वायर आणि खरा फ्यूज येईपर्यंत अंधार," मी म्हणाले.

"अंधार तर अंधार." त्यांनी वायर बॅटरीपासून सोडवली, पलंग ओढून मधे घेतला. तोवर ठकीने सूर लावलाच होता. "आण इकडे. हिला डेपोपर्यंत मी नेतो. तू पड."

ते फेऱ्या मारू लागले. चपला फरफटत होत्या. "चला, उतरणारे पुढे या, पुढे या." ठकी अजून रडत होती, पण दमाने.

बॅटरीच्या उघड्या टोकांवर टेप लावली की नाही, ते एकदा बघायला हवं होतं. उठतेच, असं म्हणत मी डोळे मिटले.

"लावलीय गं टेप," अंधारातून बाबा म्हणाले.