चौदावा प्रश्न

“ते पान फाड ना ताई. कुणाला कळणार आहे?”

परफेक्ताताईने वही छातीशी घट्ट धरली. “क्रिसान्ता, एकोणीस वर्षांत हेच शिकलीस का माझ्याकडून?”

कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनच्या वृद्धाश्रमात मी कामाला नवीन आले, तेव्हा हिनेच मला हाताला धरून काम शिकवलं. लिहिलं नाही ते घडलंच नाही, हा तिचा पहिला धडा. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही करायची, पण पान फाडायचं नाही. निवृत्त झाली तरी बाईची खोड गेली नाही. रविवारी चर्चनंतर आश्रमात काम करणाऱ्या आम्ही सातजणी तिथलं रडगाणं तिच्यापुढे गायचो आणि ती आमच्या नावानिशी, वेळेनिशी सगळं टिपून ठेवायची.

मग काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, जाहीर सुनावणीत तिने आपली तीन मिनिटं घेतली. रविवारी चाळीस म्हाताऱ्यांमागे कामाला दोनच बायका असतात, लुंडग्रेनआजोबा एका रविवारी न्हाणीघरात पडले ते दोन तास तसेच जमिनीवर होते, असं माइकवर सांगून मोकळी झाली. आश्रमाच्या मालकाने तिच्यावर बदनामीचा दावा ठोकला. मागोमाग त्याच्या वकिलाचे बावीस लेखी प्रश्न आले. चौदावा असा: हे तुम्हाला कुणाकुणाकडून कळलं? नावं द्या, वही द्या, तीस दिवसांत.

आमच्यातल्या दोघींकडे इथे राहायची कागदपत्रं नाहीत. नावं गेली असती तर त्यांना देश सोडावा लागला असता. माझी नोकरी गेली असती. माझं जेवणावरून मन उडालं. म्हणूनच ताईला ते पान फाड म्हटलं होतं.

ताईची वकील नाकामुरा फी न घेता लढणारी होती. तिने समजावून सांगितलं, की सार्वजनिक प्रश्नावर बोलल्याबद्दल कुणाला खटल्यात गुंतवलं, तर दावा सुरुवातीलाच फेटाळा असा अर्ज आपल्या राज्यात करता येतो. अर्ज दाखल झाला की त्याच घडीपासून समोरच्याची ही प्रश्नांची चौकशी थांबते. तिने तो सव्विसाव्या दिवशी दाखल केला. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

आठवडाभरच हो. मालकाच्या वकिलाने न्यायाधीशांकडे खास परवानगी मागितली. अशा बायका अस्तित्वातच नाहीत, म्हातारीने सगळं मनाने रचलंय, तेव्हा निदान चौदाव्या प्रश्नाचं उत्तर तरी मिळू द्या, असं त्याचं म्हणणं. सबळ कारण दिसलं तर न्यायाधीश तेवढी परवानगी देऊ शकतात. इकडे ताईला मालकाचा निरोप आला, की नावं सांगा, दावा मागे घेतो.

“नावं सांगून सुटायचं असतं तर मी घरीच नसते का बसले?” ताई म्हणाली. हरली असती तर तिचं घर गेलं असतं. तरी आमच्याकडे एका शब्दाने काही मागितलं नाही तिने. त्याचाच मला राग यायचा.

लुंडग्रेनआजोबांना उचललं होतं मी. त्यांचा गार पडलेला हात अजून आठवतो. शेवटी सुटीच्या दिवशी नाकामुराकडे गेले आणि शपथेवर सगळं लिहून दिलं. हे कोर्टात गेलं की मालकाला तुझं नाव कळणार, असं तिने दोनदा बजावलं. मी सही केली.

कोर्टात ताईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. “तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?”

न्यायाधीशांचं बोलणं थोडक्यातच झालं. बायका अस्तित्वात नाहीत म्हणता, त्यांतली एक समोर बसली आहे. त्या रविवारी कामावर किती जण होते हे तुमच्याच हजेरीपटात आहे, ते दाखवा. नावं मिळणार नाहीत. महिन्याभराने दावाही फेटाळला गेला.

मला कुणी काढलं नाही. नुसतं पुढच्या वेळापत्रकात माझं नाव नव्हतं, त्याच्या पुढच्यातही नव्हतं.

मी कपाट रिकामं करायला गेले, तेव्हा पाळी बदलत होती. आमच्यातल्या बाकीच्या सहाजणी माझ्या शेजारून गेल्या. मालकाचा व्यवस्थापक दारात उभा राहून कोण माझ्याशी बोलतंय ते बघत होता. एकीनेही मान वळवली नाही, एकीच्याही चेहऱ्यावर ओळख दिसली नाही. मला तेच हवं होतं. मी पिशवी उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पडले.